शक्यतो

बशीर, जे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही ते आधी सांगून टाकतो. नाहीतर नेहमीसारखा हवापाण्याचं बोलत बसेन आणि उठून जाईन. त्या दिवशी ग्रामसभेत मी करारनामा वाचून दाखवला, तेव्हा नवव्या कलमातला एक शब्द वाचला नाही. चुकून सुटला असं नाही. तो मला दिसत होता. त्याच्या अलीकडे मी श्वास घेतला आणि पलीकडचा शब्द उचलला. समोर अख्खं गाव बसलं होतं. कोणाला काही कळलं नाही.

शब्द होता 'शक्यतो'. कागदात तो घातलाही मीच होता.

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. कोर्टातलं आपलं टेबल तसंच आहे. तुझी खुर्ची कोणीतरी बार रूममध्ये ओढून नेली होती, ती मी परत आणली. पक्षकार येतात, त्या खुर्चीकडे बघतात आणि मग माझ्याशी बोलतात. बावीस वर्षं एका टेबलावर दोन वकील बसले आणि त्यांच्यात कधी खटका उडाला नाही, याचं लोकांना नवल होतं. तू सांगायचास, "विन्या भांडतच नाई ना. तो लिहिते. भांडाचं काम माह्याकडं." होतंही तसंच. तू बोलायचास, मी मसुदे करायचो, आणि जिथं मोठ्यानं वाचायचं असेल तिथं तू मला पुढं करायचास. कॉलेजात असताना मी झाडीपट्टीच्या नाटकांत पडद्याआडून संवाद सांगायचो, ते तू कधी विसरला नाहीस. "याचा आवाज असा की मेलेला बी उठून सही करंल," म्हणायचास.

त्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही, आणि पार्वताबाई हेही तिचं खरं नाव नाही. तू असतास तर हीच पहिली दुरुस्ती केली असतीस.

नागभीडच्या पुढं, धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होतं तिथलं ते गाव. लागोपाठ दोन वर्षं मोहफुलं वेचायच्या दिवसांत वाघानं माणसं नेली. मग एक कंपनी आली. झाडांना कॅमेरे लावायचे, आणि समोर वाघ आहे, अस्वल आहे, डुक्कर आहे की माणूस, हे कॅमेऱ्यामागचं यंत्र स्वतःच ठरवणार. वाघ किंवा अस्वल असलं की गावात भोंगा वाजणार आणि ज्यांनी नंबर दिले त्यांच्या फोनवर फोटो जाणार. असल्या यंत्राबद्दल कायदा काय म्हणतो, हे आपण दोघं तीन दिवस शोधत होतो. फोटोबद्दल काहीबाही होतं, जंगलाबद्दल होतं, फोनबद्दल होतं. स्वतः बघून स्वतः ठरवणाऱ्याबद्दल आपल्याकडच्या पुस्तकांत काही सापडलं नाही. तू पुस्तकं मिटलीस. "नाई तं नाई. करारनामा करू. तेवढ्यापुरता गावच कायदा लिहील."

पहिल्या बैठकीत सगळे भोंग्याचंच विचारत होते. पार्वताबाई मागून उठली.

"वाघाचा फोटो काढा ना. आमचा काऊन काढता? आम्ही का वाघ आहो?"

कंपनीचा माणूस म्हणाला, "बाई, यंत्र सगळ्यांचाच काढतं."

"मंग त्याले शिकवा. पहाटे बायका तिकडं कशाले जातेत ते गावभर दाखवाचं हाय का?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तू हसला नाहीस. गुडघ्यावर वही ठेवून तिथंच नववं कलम लिहिलंस: 'माणसाचे छायाचित्र जतन केले जाणार नाही व कोणासही पाठविले जाणार नाही.' वाचून दाखवलंस. पार्वताबाई म्हणाली, "हाव. अस्सं." आणि खाली बसली.

पुढच्याच आठवड्यात तुझ्या छातीत कळ आली आणि तुला नागपूरला नेलं. इकडं कंपनीच्या वकिलाचा फोन मला आला. माणूस सभ्य होता. म्हणाला, यंत्र अजून कच्चं आहे, वाकलेल्या माणसाला कधी कधी जनावर समजतं. तुमचं कलम असंच राहिलं तर पहिल्याच दिवशी आमच्याकडून करार मोडेल, मग कॅमेरे लावणंच अवघड. एखादा शब्द सैल करता आला तर बघा. मोहफुलं आठ-दहा दिवसांत पडायला लागणार होती. मी तुला फोन करू शकलो असतो. नसीमभाभींनी तुझ्या कानाशी धरला असता आणि तू 'नाई' म्हणाला असतास. ते माहीत होतं म्हणूनच केला नाही.

बशीर, मला कोणी काही दिलं नाही, कोणी धमकावलंही नाही. मला खरंच वाटलं की नव्या यंत्राला एवढी जागा ठेवावी लागते. आणि शब्द तरी कसा, घरात रोज बोलतो तसा. शक्यतो लवकर ये. शक्यतो उन्हात फिरू नको. त्यात लबाडी असेल असं मनातसुद्धा आलं नाही.

मग वाचताना गिळला का? कारण पार्वताबाई त्या दिवशी पहिल्या रांगेत बसली होती. ती "म्हंजे?" असं विचारेल, एवढीच भीती. त्या "म्हंजे"चं उत्तर माझ्याकडं नव्हतं. आणि ज्या शब्दाचं उत्तर आपल्याकडं नाही तो कागदात असू नये, एवढं मला तिथं बसल्या बसल्या कळायला हवं होतं.

तू परत आलास तेव्हा जिना चढताना दोनदा थांबलास. गावाचा वकील म्हणून तुझी सही राहिली होती, मी कागद पुढं केला. "तेच आहे. सही कर." तू पानं उलटलीस आणि केलीस.

भोंगा वाजला, हे सांगितलं नाही तर तेही गाळल्यासारखंच होईल. दोनदा वाघ गावाच्या कडेपर्यंत आला आणि दोन्ही वेळा माणसं घरात होती. सरपंच टेबलाशी येऊन तुझे हात धरून गेले. त्या दिवसांत मी मनाशी म्हणत होतो, शब्द घातला ते बरंच केलं.

मग एका पहाटे भोंगा अस्वलासाठी वाजला. फोनवर फोटो गेला, खाली लिहिलेलं होतं: अस्वल. फोटोत पार्वताबाई होती. काळी घोंगडी पांघरून, खाली वाकून मोहफुलं वेचत होती. दुपारपर्यंत तो फोटो आजूबाजूच्या गावांतही पोचला. तिच्या दारावरून जाताना पोट्टे तोंडानं भोंगा वाजवायचे. सुनेच्या माहेरून फोन आला, अस्वल जेवलं का म्हणून.

तिला घेऊन आपण पोलीस ठाण्यात गेलो. जमादार भला होता, त्यानं चहा सांगितला आणि कागद ओढला.

"फोटो काढला कोणं?"

"मशीननं," तू म्हणालास.

"पाठवला कोणं?"

"मशीननंच."

"अस्वल म्हणलं कोणं?"

"तेबी मशीननं."

त्यानं पेन खाली ठेवला. "वकीलसाहेब, राहणार कुठचा लिहू? बापाचं नाव काय टाकू?"

तुला हसू आलं. मलाही आलं. पार्वताबाई म्हणाली, "फोन करून जे हासले ते तं मशीन नोहते ना. त्याईची नावं लिहा. बापासकट सांगतो."

बाहेर टपरीवर आल्यावर तू पिशवीतून करारनामा काढलास. कंपनीला नोटीस द्यायची होती. नवव्या कलमापाशी थांबलास.

"हा 'शक्यतो' कधी आला बे?"

"असेल आधीपासून," मी म्हणालो.

पार्वताबाई शेजारीच उभी होती. "नाई ना. विनायकभाऊनं वाचलं तवा हा शब्द नोहता. मले पाठ हाय." आणि तिनं अख्खं कलम म्हणून दाखवलं, जिथं मी आवाज चढवला होता तिथं चढवून, जिथं श्वास घेतला होता तिथं थांबून.

मी म्हणालो, "बाई, तुमच्या लक्षात नसेल."

तू माझ्याकडं बघितलंस. मग चष्मा काढलास, शर्टाच्या टोकानं पुसलास, परत लावलास. "सही तं माहीच हाय. मोतीबिंदू झाला वाटते मले. एवढा शब्द दिसला नाई."

लग्नातली सगळी गाणी, सगळ्या कडव्यांसकट जिला पाठ आहेत, त्या बाईला एका वकिलानं सांगितलं की तिला एक ओळ आठवत नाही, आणि दुसऱ्यानं ते खोडलं नाही. तिनं मान्य केलं. वाचता येणारी माणसं म्हणतायत म्हणजे तसंच असेल, असं तिच्या चेहऱ्यावर उमटताना मी बघितलं, आणि चहा संपवला.

त्यानंतर एका तारखेला कोर्टाच्या कँटीनमध्ये चहा घेताना आपण त्या शब्दावर भांडलो. बावीस वर्षांत मी भांडलो ते तेवढंच. माझा मुद्दा तुझ्याच घरातून उचललेला होता. तुझे अब्बा शिंपी. माझा पहिला काळा कोट त्यांनी शिवला, तेव्हा शिवणीत दोन बोटं कापड जास्त सोडलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, "माया ठेवली बेटा. वकील लोक जाड होतेत." मी तुला तेच सांगत होतो. यंत्र वाढतं आहे, पुढच्या वर्षी ते काय करेल हे बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. अंगाबरोबर शिवलेला कायदा सहा महिन्यांत फाटेल. माया ठेवावीच लागते.

तू ग्लास ठेवलास. "अन् माया उसवते कोण? शिंपी. कवा? ज्याच्या अंगावर कोट हाय तो येऊन सांगते तवा. माप कोणाचं घेते? त्याचंच. तुह्या ह्या शब्दात शिंपी कोण हाय सांग बरं. कंपनीच माप घेणार अन् कंपनीच कैची चालवणार. सैल ठेवाले मी कधी नाई म्हणलो? पण जिथी सैल ठेवलं तिथीच लिही, कोण सोडवंल, कोणाले विचारून, कोणत्या तारखेपावतर. मंग त्याले माया म्हण. नाई तं ते भोक हाय, भैताडा."

मी म्हणालो, एवढं सगळं लिहीत बसलो तर करारनामा होणारच नाही, वाघ काही आपल्यासाठी थांबत नाही.

"वाघ थांबत नाई म्हणूनच तं," तू म्हणालास, आणि तेवढ्यात आत आपल्या प्रकरणाचा पुकारा झाला. ते वाक्य राहिलं. त्याच्यापुढं काय होतं ते मी रोज वेगवेगळं लावून बघतो.

अजूनही मला वाटतं, बशीर, की त्या भांडणात मी पूर्ण चुकीचा नव्हतो. यंत्र खरंच कच्चं होतं, वाघ खरंच दारात होता. तुझ्यासमोर ठेवला असता तर त्या शब्दाभोवती तू चार ओळींचं कुंपण घातलं असतंस आणि कंपनीनं कुरकुरत का होईना, मानलं असतं. तो शब्द चोरून आणावा लागला, यातच काय ते आलं.

पार्वताबाईनं कॅमेऱ्याची वाट सोडली. आणखी दोघीतिघींनी सोडली. नाल्याच्या बाजूनं जायला लागल्या, तिकडं एकही कॅमेरा नव्हता. वाघ तिथं होता. सोबतच्या बायकांनी ओरडून, टोपल्या आपटून तिला सोडवलं. गडचिरोलीच्या दवाखान्यात आपण दोघं भेटायला गेलो तेव्हा ती पट्ट्यांमधून म्हणाली, "तिथी फोटो निघत नाई ना भाऊ. म्हणूनच तं गेली होती." माणसं वाचवायला लावलेल्या कॅमेऱ्याला भिऊन बाई वाघाकडं गेली. हे कोणत्या कलमात बसवायचं, ते तू परतीच्या बसमध्ये पूर्णवेळ खिडकीबाहेर बघत शोधत होतास. तिचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही.

पार्वताबाईच्या वतीनं आपण लावलेल्या दाव्यात कंपनीच्या वकिलानं त्या एका शब्दावर बोट ठेवलं. शक्यतो पाठवणार नाही, असं लिहिलं आहे. आम्ही प्रयत्न केला, शक्य झालं नाही. ग्रामसभेनं ऐकून, समजून मान्यता दिली आहे. तू लेखी म्हणणं दिलंस की सदर शब्द माझ्या नजरचुकीने कागदात तसाच राहिला. ते टाइप मी केलं. 'नजरचुकीने' लिहिताना माझा हात थांबला नाही, हेही तुला सांगून टाकतो.

तुझ्या शेवटच्या आठवड्यात मी दुपारी पेपर घेऊन यायचो. तू डोळे मिटून पडलेला असायचास, मी वाचायचो. एकदा मी एका लांबलचक बातमीतला मधला भाग सोडून शेवटाकडं गेलो. तू डोळे न उघडता म्हणालास, "सगळं वाच बे विन्या. गाळू नको काई." मी मागं जाऊन वाचलं. तेव्हा मला वाटलं, तू पेपरबद्दल बोलतोयस.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी नसीमभाभींकडं गेलो. सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. मी तोंड उघडण्याआधी त्याच म्हणाल्या, "भाऊ, एक गोष्ट समजली नाई मले. ते आखरीपावतर म्हणत राह्यले, माह्या डोळ्यानं दगा दिला, मोतीबिंदूनं दगा दिला. अन् मी जबरदस्तीनं डॉक्टरकडं नेलं होतं ना त्याईले. डॉक्टर म्हणला, मोतीबिंदू नाईच, डोळे साफ हायत. हे हासले. मले म्हणाले, विन्याले सांगजो नको."

मी चहा घेतला आणि घरी आलो. सांगितलं काहीच नाही.

म्हणजे तुला माहीत होतं. टपरीवरच कळलं असणार, पार्वताबाई कलम म्हणून दाखवत होती तेव्हा, नेमकी कुठं थांबली ते ऐकून. 'तुह्या ह्या शब्दात,' असं तू म्हणाला होतास, आणि मला वाटलं, मी त्याची बाजू घेतोय म्हणून म्हणतोयस. सगळं माहीत असून तू माझी चूक स्वतःच्या डोळ्यांवर घेतलीस आणि तशी कोर्टात लिहून दिलीस. माझी सनद वाचवलीस, असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. तू मला वेळ देत होतास. आज बोलेल, पुढच्या तारखेला बोलेल, पेपर वाचता वाचता बोलेल.

मला तुझा रागही येतो, बशीर. माझ्यावर ठेवलेल्या त्या भरवशापायी तू तिच्या आठवणीवर खोटेपणाचा शिक्का बसू दिलास. ती तुझी पक्षकार होती, मी नव्हतो. हे तुला तोंडावर म्हणायला मला आवडलं असतं आणि तू त्यावर काय शिवी दिली असतीस तेही ऐकायला आवडलं असतं. आता दोन्ही नाही. तुझ्यासारखा मित्र मला मिळाला, एवढंच म्हणून हात जोडावेत तर तेही जमत नाही, कारण त्या मैत्रीची झळ तिसऱ्याच माणसाला लागली.

हे मी छापायला देतोय, कारण मला मी माहीत आहे. नुसतं तुझ्या खुर्चीला सांगितलं असतं तर पुन्हा एकदा श्वास घेऊन पुढं गेलो असतो. प्रकरण अजून चालू आहे. तुझं ते लेखी म्हणणं फाइलमध्ये आहे, आणि ते खोटं आहे हे आपल्या बाजूनं सांगू शकणारा माणूस आता एकटा मी उरलो आहे. वाचून न दाखवलेल्या शब्दाला ग्रामसभेची संमती नव्हती, हे मी शपथेवर सांगितलं तर खटल्याचं काय होईल ते कोर्ट ठरवेल, आणि माझ्या सनदेचं काय होईल ते ज्यांनी ठरवायचं ते ठरवतील.

माझ्याकडून दोन गोष्टी व्हायच्या राहिल्या आहेत. एक शपथपत्र, की तो शब्द मी घातला, मी वाचला नाही, आणि बशीर वकिलांच्या नजरेची त्यात काही चूक नव्हती. आणि त्याच्याही आधी पार्वताबाईच्या घरी जाऊन तिला सांगायचं आहे की तिला बरोबर आठवत होतं.